सतराची गोटी

दोस्तांनो, 'गोटी' म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? काचेची, पोटात रंगीत पाकळ्या असलेली, बोटाने टिचकी मारली की सुर्रकन पळणारी! पण नांदेडच्या किंवा लातूरच्या एखाद्या मोटारसायकल गॅरेजसमोर पाच मिनिटं उभे राहा. आतून आवाज येईल, "ए, सतराची गोटी दे रे!" आणि मदतनीस ग्रीसने माखलेल्या डब्यातून एक जाड, पोकळ, पोलादी नळकांडी काढून देईल. तिच्या एका तोंडाला आतून सहा किंवा बारा कोपरे असतात, दुसऱ्या तोंडाला चौकोनी भोक असतं. त्या भोकात दांडा अडकवायचा, कोपऱ्यांचं तोंड नटावर बसवायचं आणि फिरवायचं. दुकानदार तिला सॉकेट म्हणतो, मिस्त्री म्हणतो गोटी.

आता सांगा, 'सतराची' म्हणजे काय? सतरा काय? ग्रॅम? रुपये? आणि सतराच्या जागी अठराची घेतली तर काय बिघडलं? एकाचाच तर फरक!

त्या एका आकड्याने किती घोटाळा होऊ शकतो, तेच आज पाहायचं आहे.

अठराची हाय की!

समजा, नांदेडहून लातूरला जाणाऱ्या रस्त्यावर, लोह्याच्या अलीकडे तुमचं गाव आहे. तुमचे बाबा रोज पहाटे मोटारसायकलला दुधाचे दोन कॅन अडकवून नांदेडला जातात. मे महिना आहे. दूध वेळेवर पोचलं नाही, तर नासायला वेळ लागत नाही.

एक दिवस गाडी चढावर दम टाकते. इंजिन जोरात ओरडतं, पण चाक काही त्या वेगाने फिरत नाही. बाबा कसेबसे घरी येतात. शेजारचे काका गाडी पाहतात आणि निदान करतात, "क्लच प्लेटा गेल्या."

नव्या प्लेटा आणल्या जातात. काका उत्साही. ते तेल काढतात, इंजिनाचं उजवीकडचं झाकण खोलतात. स्प्रिंगांचे छोटे बोल्ट निघतात, प्लेटा निघतात. मग दिसतं, की ज्या गोल हबवर प्लेटा बसतात, तो हबच हलतोय. त्याच्या मधोमध असलेला मोठा नट खोलून पाहायला हवा. नट आहे खोल खड्ड्यात. साधा फिक्स पाना तिथं पोचत नाही. गोटीच हवी.

काकांकडे गोट्या दोनच. एक चौदाची, एक अठराची.

"अठराची हाय की! बसायलीय बघ. जरा ढिली हाय, पण चालतंय. लाव तो पाइप दांड्याला अन् मार जोर!"

आता तुम्ही काय कराल? काका वडीलधारे. त्यांचा अनुभव मोठा. आणि बाबांना उद्या पहाटे निघायचंय. पण क्षणभर थांबा. जोर मारण्याआधी त्या झाकणाच्या आत काय चाललंय, ते समजून घेऊ.

क्लच म्हणजे धरणं आणि सोडणं

गाडी सिग्नलला उभी आहे, इंजिन चालू आहे. इंजिन फिरतंय, पण चाक फिरायला नको. मग दोघांना जोडायचं आणि तोडायचं काम कोण करतं? क्लच!

दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून बघा, पण गच्च दाबू नका. एक हात ओढला तर सहज निसटतो. आता गच्च दाबा. एक हात ओढला की दुसराही ओढला जातो. क्लचचं काम असंच चालतं.

मोटारसायकलच्या क्लचमध्ये दोन प्रकारच्या चकत्या असतात. एका प्रकारच्या चकत्यांवर घर्षण करणारा थर चिकटवलेला असतो. त्यांचे दात बाहेरच्या डब्यात अडकतात आणि तो डबा इंजिन फिरवतं. दुसऱ्या प्रकारच्या चकत्या नुसत्या पोलादाच्या. त्यांचे दात आतल्या हबमध्ये अडकतात आणि तो हब गिअरच्या दांड्यावर बसवलेला असतो. एक ही, एक ती, अशा त्या थप्पीने रचलेल्या असतात. स्प्रिंगा थप्पीला दाबून धरतात. त्यामुळे घर्षण होतं आणि सगळ्या चकत्या एकदम फिरतात. इंजिनाची ताकद चाकापर्यंत जाते.

तुम्ही हँडलवरची क्लचची मूठ दाबली की केबल ओढली जाते, स्प्रिंगांचा दाब उचलला जातो, चकत्या सुट्या होतात. इंजिन फिरत राहतं, चाक मोकळं! मूठ हळूहळू सोडली की चकत्या पुन्हा एकमेकींना धरतात.

वर्षानुवर्षं घासून घर्षणाचा थर झिजला, की पकड सुटते. इंजिन ओरडतं, गाडी मात्र पळत नाही. बाबांच्या गाडीचं तेच झालं.

आणि तो मधला नट? तो हबला गिअरच्या दांड्यावर घट्ट धरून ठेवतो. इंजिनाची सगळी ताकद ज्या हबमधून जाते, त्याचा हा राखणदार. म्हणून तो चांगलाच आवळलेला असतो. आता कळलं ना, काकांना पाइप लावून जोर मारावासा का वाटला?

आकडा कशाचा?

तर सतराची गोटी म्हणजे सतरा मिलिमीटरची. पण हे माप कशाचं? इथं भलेभले फसतात.

अनेकांना वाटतं, की हे बोल्टच्या जाडीचं माप. तसं नाही! गोटीवरचा किंवा पान्यावरचा आकडा म्हणजे नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं नव्हे, आतल्या भोकाचंही नव्हे. सपाट बाजूपासून सपाट बाजूपर्यंत.

गंमत बघा. गॅरेजमध्ये सगळ्यात जास्त लागतो तो 'दहाचा' पाना. तो ज्या बोल्टला लागतो, त्याची आट्यांपाशी जाडी बहुतेक वेळा असते ६ मिलिमीटर. मग १० मिलिमीटर जाडीच्या बोल्टला कोणता पाना? कधी १४चा, कधी १६चा, कधी १७चा! आटे तेच, बोल्टही तेवढाच जाड, पण डोकं वेगळं. जपानी गाड्यांमध्ये १० मिलिमीटरच्या बोल्टला बहुधा १४चं डोकं दिसतं. जर्मन पद्धतीच्या जुन्या प्रमाणात ते १७चं होतं, नव्या आंतरराष्ट्रीय प्रमाणात १६चं आहे. म्हणून 'दहाचा बोल्ट आहे, त्याला अमुकच गोटी लागेल' असं डोळे मिटून सांगता येत नाही. मापावंच लागतं.

आता कंपासपेटी काढा. कंपासमध्ये ५ सेंटिमीटर अंतर घेऊन एक वर्तुळ काढा. तेच अंतर कायम ठेवून वर्तुळावर एकापुढे एक खुणा करत जा. बरोबर सहा खुणा होतील. त्या जोडल्या की झाला षटकोन, म्हणजे आपला नट! आता पट्टीने समोरासमोरचे दोन कोपरे मोजा. १० सेंटिमीटर. समोरासमोरच्या दोन बाजूंमधलं अंतर मोजा. ते भरेल जवळजवळ ८.७ सेंटिमीटर. म्हणजे कोपऱ्यांमधलं अंतर हे बाजूंमधल्या अंतराच्या सुमारे १.१५ पट असतं. १७च्या नटाचे कोपरे एकमेकांपासून साधारण १९.६ मिलिमीटरवर असतात. हा आकडा लक्षात ठेवा. लगेच उपयोगी पडणार आहे.

एका मिलिमीटरचा घोटाळा

१७ची गोटी १७च्या नटावर बसली, की गोटीच्या भिंती नटाच्या बाजूंना लगटून उभ्या राहतात. जोर कोपऱ्याजवळच्या रुंद पट्टीवर वाटला जातो. नट मुकाट्याने फिरतो.

आता १८ची गोटी चढवू. ती सैल आहे. नट फिरण्याआधी गोटीच एका बाजूला सहा-साडेसहा अंश नुसती कलते. मग टेकते कुठे? फक्त सहा कोपऱ्यांच्या धारेवर! सगळा जोर त्या बारीक धारेवर. त्यातून पाइप लावून दांडा लांब केलेला. कर्र असा आवाज येतो, गोटी सटकते आणि धार चेपली जाते. पुन्हा लावली की आणखी चेपते. १९ची गोटी तर पंधरा अंशांहून जास्त कलेल. आणि २०ची? कोपरे १९.६ वर आहेत ना? मग २०ची गोटी गरगर फिरेल आणि नट जागचा हलणारही नाही.

कोपरे गेलेल्या नटाला मिस्त्री म्हणतात 'नट गोल झाला'. मग त्याला कुठलीच गोटी धरत नाही, सतराचीसुद्धा. मग छिन्नी येते, हातोडी येते. घाव बसतो नटाला, पण हादरा जातो गिअरच्या दांड्याला आणि त्याच्या बेअरिंगला. छिन्नी निसटली तर दांड्याचे आटे जातात. आटे गेले, की नुसता नट बदलून भागत नाही. दांडा बदलायला सगळं इंजिन खोलावं लागतं. प्लेटा बदलायचं अर्ध्या दिवसाचं काम कित्येक दिवसांवर जातं आणि तेवढे दिवस दुधाचे कॅन दारात पडून राहतात.

'चालतंय की' या दोन शब्दांची ही किंमत!

सहा कोपऱ्यांची आणि बारा कोपऱ्यांची गोटी असा फरकही असतो. बारा कोपऱ्यांची गोटी दर ३० अंशांवर नटावर चढते, म्हणून अडचणीच्या जागी सोयीची. सहा कोपऱ्यांची दर ६० अंशांवर चढते, पण तिची पकड जास्त भक्कम. हट्टी नटाला सहा कोपऱ्यांचीच लावावी.

पायलीपासून मिलिमीटरपर्यंत

'एवढ्या नंबरांची कटकट कशाला?' असं तुम्हाला वाटेल. पण नंबर नव्हते तेव्हा काय होत होतं, ते ऐका.

तुमच्या आजीला विचारा. तिच्या लहानपणी धान्य पायलीने, शेराने, मापट्याने मोजत. पण एका बाजारातला शेर दुसऱ्या बाजारातल्या शेराएवढा असेलच, याची खात्री नसे. शेतकऱ्याने घरी मोजलेलं धान्य बाजारात कमी भरायचं. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो मुंबई राज्यात आला. त्याच १९५६ साली देशासाठी वजनं-मापांचा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो, लिटर, मीटर सगळीकडे येऊ लागले. एकच माप नांदेडला, तेच लातूरला, तेच दिल्लीला.

नट-बोल्टांची कहाणीही अशीच. पूर्वी प्रत्येक कारखाना आपल्या मर्जीने आटे पाडायचा. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढायचा नाही. १८४१ साली इंग्लंडमधल्या जोसेफ व्हिटवर्थ या यंत्रज्ञाने सांगितलं, की सगळ्यांनी आटे एकाच पद्धतीने पाडावेत. आट्यांचा कोन ५५ अंश, आणि कोणत्या जाडीला इंचात किती आटे, तेही ठरलेलं. पुढे अमेरिकेने ६० अंशांची वेगळी पद्धत काढली. आज आपण वापरतो त्या मिलिमीटरच्या आट्यांचाही कोन ६० अंशच आहे.

मापं जुळली नाहीत तर किती मोठा अनर्थ होतो? ७ फेब्रुवारी १९०४ रोजी अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराला आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क इथून बंब धावून आले. पण बाहेरगावच्या बंबांच्या नळ्यांची तोंडं बाल्टिमोरच्या पाण्याच्या नळांवर बसेनात! पाणी समोर, बंब समोर, माणसं तयार, पण माप जुळेना. पंधराशेहून जास्त इमारती जळाल्या.

आपल्या मोटारसायकलींच्या बाबतीतही अशी सरमिसळ होती. १९५५ पासून मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, बुलेट जोडायला सुरुवात झाली. ती मूळची इंग्लंडची. म्हणून जुन्या बुलेटमध्ये इंचाची आणि व्हिटवर्थची मापं. त्यात आणखी एक गंमत. व्हिटवर्थच्या पान्यावरचा आकडा नटाच्या रुंदीचा नसून बोल्टच्या जाडीचा असे. ३/८ इंच म्हणजे साडेनऊ मिलिमीटर, पण ३/८ लिहिलेल्या व्हिटवर्थ पान्याचं तोंड असतं सुमारे १८ मिलिमीटरचं! नवखा माणूस गोंधळणार नाही तर काय?

१९८०च्या दशकात चित्र बदललं. हिरोने होंडाशी, बजाजने कावासाकीशी, टीव्हीएसने सुझुकीशी हातमिळवणी केली. आपल्या मराठवाड्यातच, वाळूजला, बजाजचा मोठा कारखाना १९८५ साली सुरू झाला. रस्त्यांवर १०० सीसीच्या गाड्या आल्या आणि त्यांच्याबरोबर जपानी मापांचं कुटुंब आलं: ८, १०, १२, १४, १७. म्हणून आज गॅरेजमधल्या डब्यात हेच आकडे जास्त झिजलेले दिसतात.

आणि एक कोडं. मिलिमीटरच्या गोटीला मागे जे चौकोनी भोक असतं, ते कितीचं? पाव इंच, तीन अष्टमांश इंच किंवा अर्धा इंच! जगभर मिलिमीटरच्या गोट्या आजही इंचाच्या दांड्यावर बसतात. जुनी मापं अशी मागच्या दाराने टिकून राहतात.

योग्य गोटी कशी ओळखायची?

चला, परत अंगणात. काका पाइप हातात घेऊन उभे आहेत. तुम्ही म्हणा, "काका, थांबा की जरा. माप घेऊ द्या."

पहिला रस्ता सगळ्यात सोपा. गाडीच्या कंपनीचं दुरुस्तीचं पुस्तक कुठल्या गॅरेजमध्ये असेल, तर त्यात पाहा. कुठला नट, कुठलं हत्यार आणि किती आवळायचा, हे सगळं त्यात असतं.

दुसरा रस्ता व्हर्निअर कॅलिपरचा. अकरावीच्या विज्ञान शाखेत गेलात की प्रयोगशाळेत तो हातात येईल. नट पुसून घ्या, कारण तेल आणि कचरा माप चुकवतात. दोन समोरासमोरच्या बाजूंवर जबडे टेकवा. तिन्ही जोड्या मोजा. एखादा कोपरा किंवा बाजू आधीच चेपलेली असेल तर तिथेच कळेल.

इथं एक गोम आहे. व्हर्निअरवर १६.८ दिसलं तर घाबरू नका. नट त्याच्या नावापेक्षा किंचित लहानच बनवतात आणि गोटी किंचित मोठी, म्हणजे एकात एक सहज बसावं. १६.८ म्हणजे १७चाच नट. माप नेहमी वरच्या पूर्ण आकड्याकडे न्यायचं, खालच्या नाही.

तिसरा रस्ता तुमच्या दप्तरात आहे. कंपासपेटीतलं कर्कटक घ्या. त्याची दोन टोकं नटाच्या समोरासमोरच्या बाजूंना अलगद लावा. पाय हलू न देता ते पट्टीवर ठेवा आणि मोजा. अर्ध्या मिलिमीटरची चूक होईल, पण १७ आहे की १८, एवढं तर नक्की कळेल. (बाईंना दाखवण्याआधी कर्कटक नीट पुसा हं!)

मग गोटी चढवून पाहा. ती हाताने, न ठोकता, तळापर्यंत बसली पाहिजे आणि डावी-उजवीकडे खडखडता कामा नये. ठोकावी लागली तर लहान, डुलली तर मोठी. इंचाची गोटी मिलिमीटरच्या नटावर लावू नका. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. १३च्या नटावर ती बसत नाही, आणि १२च्या नटावर खडखडते.

नट पाहून मग गोटी

पण दरवेळी नट षटकोनीच असतो असं नाही. काही १०० सीसी गाड्यांमध्ये क्लचचा नट गोल असतो आणि त्याच्या कडेला चार खाचा असतात, किल्ल्याच्या तटासारख्या. त्याला कुठल्याच नंबरची साधी गोटी चालत नाही. त्यासाठी चार दातांची खास गोटी मिळते. ती नसली की काही जण छिन्नी लावून, हातोडीने ठोकत नट फिरवतात. खाचा तुटतात आणि पुढच्या वेळी खास गोटीही घसरते. म्हणून आधी पाहा, नट कुठल्या जातीचा आहे.

नटाखालचा वायसरही पाहा. पुष्कळदा त्याची एक कड नटाच्या बाजूवर दुमडलेली असते, नट ढिला होऊ नये म्हणून. ती आधी सपाट करावी लागते. नाहीतर बरोबर गोटी लावूनही तुम्ही वायसरशीच कुस्ती खेळत राहाल. काही गाड्यांत आटे उलटे असतात. सोडायला गेलात आणि आणखी आवळला, असं व्हायचं! तेही पुस्तकातच पाहावं.

शिवाय नट फिरवला की हबही फिरतो. तो धरून ठेवायला खास हत्यार असतं. हुशार मिस्त्री जुन्या, बाद झालेल्या पोलादी चकतीला दांडा वेल्डिंग करून ते घरीच बनवतात. हबच्या दातांत पेचकस अडकवू नये. हब ॲल्युमिनिअमचा असतो, दात मोडतो.

आता जोराचं गणित. पिळण्याची ताकद म्हणजे लावलेलं बळ गुणिले दांड्याची लांबी. ३० सेंटिमीटरच्या दांड्यावर १० किलोचा जोर दिला, तर नटावर सुमारे ३० न्यूटन-मीटर ताकद पोचते. पाइप लावून दांडा ६० सेंटिमीटरचा केला, की तेवढ्याच जोरात ताकद दुप्पट. मोठ्या नटाला ती लागते. पण स्प्रिंगांचे छोटे ६ मिलिमीटरचे बोल्ट? त्यांना साधारण १० ते १२ न्यूटन-मीटर पुरतात. म्हणजे त्याच ३० सेंटिमीटरच्या दांड्यावर जेमतेम चार किलोचा जोर! मोठ्या नटाचा जोश छोट्या बोल्टवर दाखवला, की तो कटकन मोडतो आणि अर्धा तुकडा आतच राहतो. छोटे बोल्ट समोरासमोर, आलटून-पालटून, थोडे थोडे आवळायचे. एकच बाजू आधी आवळली तर चकत्या वाकड्या दाबल्या जातात.

आधी माप घे

तुमच्या कर्कटकाने सांगितलं, जवळजवळ सतरा. काकांची अठराची गोटी बाजूला ठेवली गेली. तुम्ही सायकल काढून लोह्याच्या नाक्यावर गॅरेजवाल्या उस्तादांकडे गेलात.

"काय पाह्यजे रे?"

"सतराची गोटी द्या की उस्ताद, तासाभरासाठी. क्लचचा नट खोलायलोत."

उस्ताद लगेच देत नाहीत. विचारतात, "सतराचीच कामून? कुणी सांगितलं?"

"मापलं."

उस्ताद तुमच्याकडे वर-खाली पाहतात. मग डब्यातून सहा कोपऱ्यांची गोटी काढतात, फडक्याने पुसून हातावर ठेवतात. "घेऊन जा. संध्याकाळच्याला आण. अन् वायसरची कड मोडलेली असंल, ती आधी सरळ कर."

पंधरा मिनिटांनी अंगणात 'टक्' असा एक आवाज होतो. नट सुटला. कोपरे सहाच्या सहा शाबूत. काका काही बोलत नाहीत, पण पाइप उचलून गोठ्यात ठेवून येतात. दुसऱ्या दिवशी पहाटे दुधाचे कॅन घेऊन गाडी नांदेडच्या रस्त्याला लागते.

दोस्तांनो, ही गोष्ट आपण मनाने रचली. तुमच्या गाडीचा नट सतराचाच असेल असंही नाही. पण नट गोल होणं अगदी खरं आहे, आणि तो गोल होतो जोर कमी पडल्याने नव्हे, माप चुकल्याने.

हे काम एकट्याने करू नका. इंजिन गरम असताना झाकण खोलू नका. जाणत्या माणसाच्या शेजारी बसून बघा, विचारा, हातात गोट्या देत जा आणि प्रत्येक वेळी तिच्यावरचा आकडा वाचा. ही कला मनापासून आवडली, तर शाळा सोडून गॅरेज धरायची काही गरज नाही. दहावी झाल्यावर आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. तिथं व्हर्निअर, आटे, पिळाची ताकद हे सगळं नीट शिकवतात. आयटीआय नांदेडलाही आहे, लातूरलाही. आणि मुलींनो, नट कुणाचा हात आहे ते पाहत नाही, फक्त माप पाहतो!

आता हा अंक मिटा आणि कर्कटक घेऊन घरातल्या सायकलचा एखादा नट मोजा बरं. चाकाचा मोजा, सीटखालचा मोजा. किती भरला? मग पान्यांमधून तेवढ्याच आकड्याचा पाना शोधून लावून पाहा. न ठोकता बसला आणि खडखडला नाही, तर शाब्बास! तुमची पहिली गोटी बरोबर लागली.